उन्हाचे बळी मोजायचे कसे?



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजचा विषय मोजणीचा आहे. उष्णतेने किती माणसं मरतात हे कसं मोजायचं, ही मोजणी कुणी सुरू केली, त्यात कुठे चुकलं आणि ती आपल्या देशात कशी पोहोचली, हा इतिहास मी आज सांगणार आहे. विषय रुक्ष वाटेल. पण मी त्याकडे का वळलो ते आधी सांगतो. त्यात माझी एक चूक आहे आणि ती मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

१९८८ चा जुलै महिना. मी कॅप्टन होतो, एका प्रशिक्षण केंद्रात रंगरुटांच्या कंपनीचा कमांडर. केंद्राचं नाव घेत नाही, कारण निर्णय माझा होता. त्या दिवशी पाच किलोमीटर दौडीची परीक्षा होती. पाठीवर पिट्ठू, हातात रायफल, पायात बूट. दौड सकाळी सहाला सुटायची होती. पण रात्रभर पाऊस झाला होता, रस्त्यावर चिखल होता, म्हणून मी सुभेदार साहेबांना म्हटलं, "थोडं थांबू, रस्ता सुकू दे." नऊ वाजता ऊन पडलं. मी ऑफिसच्या व्हरांड्यातला तापमापक पाहिला. पारा ३४ वर होता. त्याआधीची दोन वर्षं मी राजस्थानात काढली होती, ४४-४५ अंशांत जवानांबरोबर चाललो होतो. ३४ म्हणजे मला काहीच वाटलं नाही. मी दौड सोडली.

चौथ्या किलोमीटरला एक मुलगा लटपटला. उस्तादांना वाटलं, टाळाटाळ करतोय. ते ओरडले, तो पुन्हा पळाला आणि शेवटच्या वळणावर कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध. आम्ही त्याला झाडाखाली नेलं, पट्टा सैल केला, तोंडात पाणी घालायचा प्रयत्न करत गाडीची वाट पाहत बसलो. अंगावर बादल्यांनी पाणी ओतायचं कुणाला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. १९ वर्षांचा होता. कागदावर कारण लिहिलं गेलं: हृदयक्रिया बंद पडून मृत्यू.

चौकशी झाली. तापमान ३४ होतं असं मी सांगितलं, आणि ते खरंच होतं. हवेतल्या दमटपणाबद्दल कुणी विचारलं नाही. मलाही तो प्रश्न माहीत नव्हता. मुलाचे वडील गावाहून आले होते. ते एवढंच म्हणाले, "साहेब, पोराला कधी साधा ताप आला नव्हता. काळीज कसं बंद पडलं?" मी म्हणालो, "देवाची इच्छा, काका."

हे उत्तर मला पुढे अनेक वर्षं टोचत राहिलं. त्यातूनच मी या विषयावर वाचत गेलो. मी पदवीला संख्याशास्त्र घेतलं होतं, त्याचा फौजेत फारसा उपयोग झाला नव्हता. तो इथे झाला.

फौजेने केलेली पहिली मोजणी

उन्हाने माणूस मरतो हे फौजांना फार पूर्वीपासून माहीत होतं. १८५८ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश सेनापती ह्यू रोझ झाशी घेऊन काल्पीकडे निघाला. वाटेत कोंच इथे आणि मग काल्पीला त्याची गाठ तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई आणि रावसाहेब पेशवे यांच्या फौजेशी पडली. गोऱ्या सैनिकांना सकाळी दहाच्या आधी गाठू नका, उन्हं चढल्यावर गाठा, अशा अर्थाचा आपल्या बाजूचा एक हुकूम हाती लागल्याचा उल्लेख इंग्रजी नोंदींत येतो. म्हणजे आपल्या सेनापतींनी उन्हाचा हत्यार म्हणून हिशेब केला होता. कोंचच्या लढाईत रोझ स्वतः ऊन लागून कोसळला होता, आणि त्याचे कित्येक सैनिक गोळी न लागता मेले.

त्यानंतर ब्रिटिश सरकारने १८५९ मध्ये हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याची तपासणी करायला शाही आयोग नेमला. १८६३ मध्ये त्याचा अहवाल आला. इथल्या ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर दर हजारी वर्षाला ६९ निघाला. त्यात लढाईत मेलेले थोडे. बाकीचे ताप, हगवण, पटकी, यकृताचे विकार अशा कारणांनी गेलेले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या अहवालासाठी पडद्यामागे प्रचंड काम केलं. आयोगाच्या सदस्यांत विल्यम फार नावाचा एक माणूस होता. आपल्या आजच्या गोष्टीत त्याचं स्थान मोठं आहे.

फार हा लंडनच्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत १८३९ च्या सुमारापासून काम करत होता. १८४७ मध्ये लंडनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. मृत्यूच्या दाखल्यांवर 'इन्फ्लुएंझा' असं थोड्याच ठिकाणी लिहिलेलं होतं. फारने दाखल्यांवरची कारणं बाजूला ठेवली. या आठवड्यांत एरवी किती माणसं मरतात ते पाहिलं, या वेळी किती मेली ते पाहिलं आणि वजाबाकी केली. जी जादा माणसं निघाली, त्यांच्या कागदावर दमा लिहिलेला असो की खोकला, ती साथीच्या खात्यावर टाकली. आज ज्याला 'अतिरिक्त मृत्यू' म्हणतात ती कल्पना हीच.

उष्णतेच्या बाबतीत ही वजाबाकी फार उपयोगी आहे. उष्माघात असं कागदावर क्वचितच लिहिलं जातं. उन्हात म्हाताऱ्या माणसाचं रक्त घट्ट होतं, हृदयावर ताण येतो आणि झटका येतो. दाखल्यावर 'हृदयविकार' येतो. मूत्रपिंडं निकामी होतात, 'मूत्रपिंडाचा विकार' येतो. ज्याने मारलं त्याचं नाव कागदावर येतच नाही. माझ्या रंगरुटाचंही हेच झालं.

टोपी, लाल कपडे आणि ओलं फडकं

फारची वजाबाकी होती, पण उष्णता शरीरात नेमकं काय करते याबद्दलची समजूत मात्र अनेक वर्षं चुकीची होती. सूर्याच्या किरणांतच काही विष आहे, ते डोक्यातून आणि पाठीच्या कण्यातून शिरतं, असं डॉक्टर मानत. म्हणून सोला टोपी आली, पाठीवर बांधायच्या जाड पट्ट्या आल्या. भर उन्हाळ्यात अंगात फ्लॅनेल घालायची शिस्त आली. या सगळ्यामुळे घाम सुकायचा कमी आणि माणूस तापायचा जास्त.

१९१० च्या सुमाराला अमेरिकन फौजेने फिलिपिन्समध्ये एक प्रयोग केला. नारिंगी-लाल रंगाचे आतले कपडे घातले तर किरण अडतील, अशी कल्पना होती. सुमारे ५०० सैनिकांना ते कपडे दिले आणि साधारण तितक्याच सैनिकांना नेहमीचे. मग दोन्ही गटांची तुलना केली. लाल कपड्यांचा काहीही फायदा दिसला नाही. आज या प्रयोगाचं हसू येतं. पण मला तो आवडतो, कारण त्यांनी तुलनेला दुसरा गट ठेवला होता. त्यामुळे एक चुकीची कल्पना आकड्यांनी निकालात निघाली.

खरा धागा सापडला तो खाणीत. जे. एस. हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने कॉर्नवॉलच्या गरम खाणींत आणि मुद्दाम तापवलेल्या खोल्यांत निरीक्षणं केली आणि १९०५ मध्ये ती छापली. तापमापकाच्या फुग्यावर ओलं फडकं गुंडाळलं की पाणी सुकताना पारा खाली येतो. हवा कोरडी असेल तर खूप खाली येतो, दमट असेल तर जेमतेम. हॉल्डेनला दिसलं की स्थिर हवेत ओल्या फडक्याचा पारा ३१ अंशांच्या वर गेला की, नुसतं बसून राहिलेल्या माणसाच्याही शरीराचं तापमान चढू लागतं. कारण साधं आहे. आपलं अंगही ओल्या फडक्यासारखंच आहे. घाम सुकला तर अंग गार होतं. दमट हवेत घाम टपकतो, सुकत नाही.

१९५७ मध्ये कॉन्स्टंटिन याग्लू आणि डेव्हिड मिनार्ड या दोघांनी अमेरिकेच्या लष्करी प्रशिक्षण छावण्यांसाठी यातून एक सूत्र बांधलं. साऊथ कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंड इथे मरीन रंगरूट उन्हाने पडत होते. सूत्र सोपं आहे. ओल्या फडक्याच्या पाऱ्याला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या पाऱ्याला २० टक्के आणि सावलीतल्या नेहमीच्या पाऱ्याला फक्त १० टक्के. येणाऱ्या आकड्यानुसार मैदानावर हिरवा, पिवळा, लाल किंवा काळा झेंडा लावायचा. आकडा ३२.२ च्या वर गेला की काळा झेंडा, आणि मेहनतीचं प्रशिक्षण बंद. ही पद्धत आल्यावर तिथे उष्णतेने पडणाऱ्यांची संख्या घटली.

हे सूत्र मला एका कोर्सवर एका वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. त्या रात्री मी खोलीत बसून दोन गणितं केली. तुम्हीही करून पाहा. राजस्थानचा नमुना घेऊ: पारा ४४, हवा कोरडी, ओलं फडकं २३, काळा गोळा ५८. सूत्राने येतात ३२.१. आता माझ्या जुलैच्या सकाळीसारखा नमुना: पारा ३४, आर्द्रता ८० टक्के, म्हणजे ओलं फडकं ३१, काळा गोळा ४२. सूत्राने येतात ३३.५. मला ज्या ३४ अंशांचं काहीच वाटलं नव्हतं, ते वाळवंटातल्या ४४ पेक्षा वाईट होतं. काळ्या झेंड्याच्याही वर होतं. मी ज्या तापमापकाकडे पाहून दौड सोडली, त्याला या सूत्रात दहाच टक्के किंमत आहे.

छावणीतून शहरात

झेंड्यांची पद्धत छावणीत चालते, कारण तिथे सगळे तरुण असतात आणि सगळे हुकमात असतात. शहरात हातगाडीवाला असतो, पत्र्याच्या खोलीतली आजी असते, नवजात बाळ असतं. शहराला उन्हाचा किती फटका बसला हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न जुलै १९९५ मध्ये शिकागोत ऐरणीवर आला. १३ जुलैला तिथे पारा ४१ अंशांपर्यंत गेला आणि हवा दमट होती. शवागारं भरली, प्रेतं ठेवायला शीतगृहाच्या गाड्या आणाव्या लागल्या. मुख्य वैद्यकीय तपासणी अधिकारी एडमंड डोनॉह्यू यांनी शेकडो मृत्यू उष्णतेचे म्हणून नोंदवले. महापौर रिचर्ड डेली यांनी या मोजणीवर जाहीर शंका घेतली. प्रत्येक मेलेल्या माणसाला उन्हाने मेला कसं म्हणता, असा त्यांचा सूर होता. मग संख्याशास्त्रज्ञांनी फारची जुनी वजाबाकी केली. त्या एका आठवड्यात एरवीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली होती. डॉक्टरांचा अंदाज फुगवलेला नव्हता, उलट कमीच होता.

डेलींसारखी शंका आजही घेतली जाते. ही माणसं आजारीच होती, आठवड्याभराने गेलीच असती, असं लोक म्हणतात. ही शंका चुकीची नाही, ती तपासता येते. तसं असेल तर लाट ओसरल्यावर काही दिवस एरवीपेक्षा कमी मृत्यू व्हायला हवेत. शिकागोच्या आकड्यांचा पुढे पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा अतिरिक्त मृत्यूंपैकी सुमारे एक चतुर्थांश असे 'थोडे आधी ओढलेले' निघाले. म्हणजे साधारण तीन चतुर्थांश माणसं अजून जगली असती.

२००३ च्या उन्हाळ्यात युरोप तापला. फ्रान्समध्ये सुमारे १५,००० आणि सगळ्या युरोपात मिळून ७०,००० हून जास्त अतिरिक्त मृत्यू झाले, असा हिशेब नंतर निघाला. त्यानंतर ही मोजणी जगभर गांभीर्याने होऊ लागली.

आता या मोजणीतलं मॉडेल म्हणजे काय, ते दोन मिनिटांत सांगतो. एका शहराच्या रोजच्या मृत्यूंची वही घ्या. शेजारी रोजच्या तापमानाची वही ठेवा. दहा-पंधरा वर्षांच्या वह्या असतील तर उत्तम. आता मृत्यू वाढायची बाकीची कारणं बाजूला काढायची: ऋतू, लोकसंख्येतली वाढ, साथी, सुटीचे दिवस, धुळीचं प्रदूषण. उरलेला चढउतार तापमानाशी जोडून पाहायचा. बहुतेक शहरांत इंग्रजी यू अक्षरासारखी वक्ररेषा मिळते. मधे कुठेतरी एक सुखाचं तापमान असतं, तिथे सगळ्यात कमी माणसं मरतात. त्याच्या खाली थंडीने मृत्यू वाढतात, वर उष्णतेने. हे सुखाचं तापमान प्रत्येक शहराचं वेगळं असतं, कारण माणसं आपल्या हवेला सरावतात.

दुसरी गुंतागुंत वेळेची. आज ऊन लागलेला माणूस आजच मरेल असं नाही, परवाही मरेल. थंडीचा परिणाम तर दोन-तीन आठवडे रेंगाळतो. तापमान आणि दिवस या दोन्हींचा हिशेब एकत्र मांडण्याची नेटकी रीत अँटोनिओ गास्पारिनी, बेन आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दिली. आज जगभरचे अभ्यास बहुधा त्याच रीतीने होतात.

अहमदाबादचा मे महिना

आता आपल्या देशात येऊ. निवृत्तीनंतर मी वडोदऱ्यात स्थायिक झालो. इथून अहमदाबाद शंभरेक किलोमीटर. मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. लोक म्हणाले, या वर्षी ऊन जरा जास्त आहे. त्या वेळी शहराला यापेक्षा जास्त काही कळलं नाही.

पुढे गांधीनगरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थचे डॉ. दिलीप मावळणकर आणि त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी महापालिकेच्या मृत्युनोंदी काढल्या. मे २०१० मध्ये शहरात ४,४६२ मृत्यू नोंदले गेले होते. तुलनेला त्यांनी मे २००९ आणि मे २०११ घेतले. त्यांची सरासरी ३,११८. वजाबाकी १,३४४. म्हणजे एका महिन्यात ४३.१ टक्के जास्त माणसं गेली होती आणि शहराला ते जाणवलंही नव्हतं, कारण ती घराघरांत, वेगवेगळ्या नावांच्या आजारांनी गेली होती. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच शहरातली दुसरी एक मोजणी लहान आहे, पण मला ती जास्त भिडते. महापालिकेच्या शारदाबेन रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता, वर तापलेली गच्ची. २०१० च्या उन्हाळ्यात नवजात बाळं तापाने फणफणून अतिदक्षता विभागात येऊ लागली. जंतुसंसर्ग सापडेना. डॉक्टरांनी नोंदी तपासल्या. पारा ४२ च्या वर गेला की दर एका अंशामागे अशा बाळांची संख्या ४३ टक्क्यांनी वाढत होती. वॉर्ड खालच्या मजल्यावर हलवला. उष्णतेमुळे दाखल होणारी बाळं ६४ टक्क्यांनी कमी झाली. नवीन औषध नाही, यंत्र नाही. नोंदी होत्या म्हणून हे कळलं, आणि मजला बदलला.

२०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने उष्णता कृती आराखडा सुरू केला, दक्षिण आशियातला पहिला. त्यातही रंग आहेत: ४१.१ पासून पिवळा, ४३.१ पासून केशरी, ४५ आणि वर लाल. मला लगेच पॅरिस आयलंडचे झेंडे आठवले. रंग चढला की रुग्णालयांना, १०८ च्या गाड्यांना, वॉर्ड कचेऱ्यांना निरोप जातो. पाणपोया वाढतात, बागा दुपारी उघड्या राहतात, कामाच्या वेळा हलवायला सांगितलं जातं. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी असे आराखडे केले.

याचा उपयोग झाला का? हेही मोजलं गेलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आराखड्याच्या आधीची आणि नंतरची वर्षं तुलनेला घेतली. वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले असा अंदाज निघाला. पण त्याच ओळीत अभ्यासकांनी पुढे लिहिलं आहे की खरा आकडा १६२ ते २,२१८ यांच्या दरम्यान कुठेही असू शकेल. काहींना ही माघार वाटते. मला तसं वाटत नाही. फौजेत आम्ही शत्रूची संख्या कळवताना "अंदाजे दोनशे, पक्कं शंभराच्या वर" असं कळवायचो. जो गस्तीहून येऊन थेट "एकशे त्र्याण्णव" म्हणायचा, त्याच्यावर माझा विश्वास बसत नसे. इथे खालचं टोकसुद्धा १६२ माणसं आहे, दर वर्षी.

जिथे मोजणी अडते

आता उणी बाजू. वही नीट नसेल तर मॉडेल काय करणार? आपल्या देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू सुमारे एक पंचमांश आहेत. शहरात निदान मृत्यूचा दिवस तरी नोंदला जातो. खेड्यात अनेकदा तोही पुढेमागे होतो. आणि दिवस चुकला की तापमानाशी जोड लागत नाही.

दुसरी अडचण माझ्या ओळखीची आहे. आपले बहुतेक इशारे आजही कोरड्या पाऱ्यावर चालतात. हवामान खात्याच्या निकषात उष्णतेची लाट म्हणायला मैदानी भागात पारा निदान ४० आणि किनाऱ्यावर ३७ लागतो. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरला मैदानावर मोठा सोहळा झाला. पारा ३८ च्या आसपास होता, हवा किनाऱ्याची, दमट, आणि माणसं तासन् तास उघड्यावर बसलेली. १४ जणांचा मृत्यू झाला. ती बातमी वाचताना मला व्हरांड्यातला तापमापक आठवला. माझा ३४ चा दिवस तर कुठल्याच यादीत बसला नसता.

ते सूत्र कळल्यानंतर मी ज्या ज्या युनिटमध्ये गेलो तिथे ओल्या फडक्याचा तापमापक मागवला. दौड पहाटेच सोडली, नाहीतर रद्द केली. शेवटच्या वळणावर बर्फाच्या पाण्याचा टब ठेवला आणि जवानांना एकच शिकवलं: पडलेल्याला आधी गार करा, मग हलवा. लोक हसायचे, 'टबवाले साहेब' म्हणायचे. हसू दे.

निवृत्त झाल्यावर एक काम राहिलं होतं. मी त्या मुलाच्या गावी गेलो. वडील वारले होते. आई होती, धाकटा भाऊ होता, आता चाळिशी ओलांडलेला. मी त्यांना सगळं सांगितलं. हवा दमट होती, दौड उशिरा मी सोडली, तो उन्हाने गेला, त्याच्या हृदयात काही दोष नव्हता. मला वाटलं होतं, त्या मला घराबाहेर काढतील. आई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "म्हंजी त्याच्या काळजात खोट नव्हती?" मी म्हणालो, "नव्हती, आई."

तेव्हा मला कळलं की त्या एका कागदाने काय केलं होतं. घराण्यात काळजाचा आजार आहे असं समजून त्यांनी धाकट्याला भरतीला जाऊ दिलं नव्हतं. शाळेत पळू दिलं नव्हतं, तालमीत जाऊ दिलं नव्हतं. तो भाऊ मला म्हणाला, "साहेब, मी आजवर जिना चढताना छातीवर हात ठेवतो." मी त्याला काय बोलणार? मी मान खाली घालून बसलो. निघताना आईंनी चहा दिला.

म्हणून मंडळी, तुम्हाला एक विनंती. तुम्ही इंदूरला असा, हैदराबादला, सुरतेला की सोलापूरला. तुमच्या घरात, शेजारात कुणी उन्हाळ्यात अचानक गेलं, तर डॉक्टरांना सांगा की माणूस कुठे होता, किती वेळ उन्हात किंवा पत्र्याखाली होता, अंग किती तापलं होतं. हे कागदावर लिहायचा आग्रह धरा. मृत्यूची नोंद त्याच तारखेने करा, सोयीच्या तारखेने नको. तुमची एक ओळ पुढे कुणाच्या तरी वहीत बरोबर जागी बसेल, आणि त्यातून एखाद्या वॉर्डाचा मजला बदलेल किंवा एखादी दौड रद्द होईल.

पुढच्या भागात पुन्हा लढाईकडे वळू. तोवर, जय हिंद.